ॲबोरिजिनल चित्र विकत घेताना: उगम, पैसा, कागद आणि नंतरची निगा

मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जच्या बाजारात, सिडनी बंदराजवळच्या दुकानांत आणि इंटरनेटवर ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी कलावंतांची म्हणून ठिपक्यांची चित्रं शेकड्यांनी विकायला असतात. त्यातली काही अस्सल, काही छापील, काही ऑस्ट्रेलियाबाहेर बनून आलेली. काही अशीही असतात, की रंगवणारा हात अस्सल आहे, पण त्या हाताच्या पदरात पडलेले पैसे लाजिरवाणे आहेत. म्हणून खरेदी करताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात: चित्र खरं आहे का, आणि ते सचोटीने बाजारात आलं आहे का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ मिळालं म्हणून दुसऱ्याचं आपोआप ‘हो’ होत नाही. आणि कितीही तयार नजर असली तरी नुसतं चित्र बघून दोन्हीपैकी एकाचीही खात्री देता येत नाही. चित्र कोणी, कुठे रंगवलं, कोणाच्या हातून ते आलं आणि पैसे कोणाला मिळाले, ही साखळीच तपासावी लागते.

सगळी चित्रं ठिपक्यांची नसतात

कॅनव्हासवरची ठिपक्यांची शैली मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली. 1971 मध्ये पापुन्या या वस्तीत जेफ्री बार्डन नावाचे शिक्षक होते. त्यांच्या प्रोत्साहनाने तिथल्या वडीलधाऱ्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची पुराणकथा रंगवली आणि पुढे तीच माणसं पाट्यांवर, मग कॅनव्हासवर रंगवू लागली. 1972 मध्ये ‘पापुन्या टुला आर्टिस्ट्स’ ही कलावंतांच्याच मालकीची कंपनी उभी राहिली. ती आजही चालू आहे आणि तिची गॅलरी ॲलिस स्प्रिंग्जमध्ये आहे. वाळूवर आणि अंगावर काढायच्या आकृत्या तिथे ॲक्रिलिक रंगांत उतरल्या: एकात एक वर्तुळं म्हणजे बहुधा पाणवठा किंवा मुक्काम, नालाच्या आकाराची खूण म्हणजे बसलेलं माणूस, रेघा म्हणजे वाट. पण एकाच खुणेचा अर्थ चित्रागणिक बदलतो. त्यामुळे दुकानात मिळणाऱ्या ‘चिन्हांच्या तक्त्या’वरून चित्र वाचायला जाऊ नये.

उत्तरेला आर्नहेम लँडमध्ये युकॅलिप्टसच्या सालीवर गेरू, पिवडी, पांढरी माती आणि कोळसा यांनी चितारतात. केसांच्या बारीक कुंचल्याने आडव्यातिडव्या सूक्ष्म रेघा भरतात, त्या पद्धतीला ‘रार्क’ म्हणतात. यिरकलाचं बुकु-लार्रंगाय मुल्का, मनिंग्रिडा, गुनबलान्याचं इंजलाक ही त्या भागातली नावाजलेली केंद्रं. किंबर्लीत, म्हणजे वॉर्मन आणि कुनुनुराच्या परिसरात, कॅनव्हासवर मातीचेच रंग वापरतात. मोठे सपाट पट्टे आणि त्यांच्या कडेने ठिपक्यांची एखादी ओळ. टिवी बेटांवर लाकडी फणीने ठिपके उमटवतात. हर्मन्सबर्गची परंपरा थेट जलरंगांतल्या निसर्गचित्रांची, अल्बर्ट नमतजिरा (1902–1959) यांच्यापासूनची. मेलबर्न-सिडनीतले ॲबोरिजिनल चित्रकार तर छायाचित्रापासून मांडणशिल्पापर्यंत काहीही करतात आणि तेही तितकंच अस्सल.

हे माहीत असण्याचा व्यवहारातला उपयोग मोठा आहे. ‘आर्नहेम लँडचा कलावंत’ म्हणून सांगितलेल्या कॅनव्हासवर वाळवंटी ठिपके आणि शेजारी आर्नहेम लँडच्या क्ष-किरण शैलीतलं (आतली हाडं-अवयव दाखवणारं) कांगारू दिसलं, तर तिथेच थांबायचं. कोणती कथा कोणी रंगवायची याचे हक्क वारशाने येतात. मध्य ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी समाजात कथेचे वारस असतात ते ‘किर्दा’ आणि ती नीट सांगितली जाते ना हे पाहणारे ‘कुर्डुंगुर्लु’. हक्क नसलेल्या माणसाने दुसऱ्याची कथा रंगवणं हा तिथे गंभीर अपराध मानतात. त्यामुळे दोन दूरच्या प्रदेशांतल्या खुणा एकाच चित्रात कोंबलेल्या दिसल्या, तर ते बहुतेक वेळा पर्यटकांसाठी जुळवलेलं काम असतं.

खरेदीची सर्वांत भरवशाची जागा: आर्ट सेंटर

आर्ट सेंटर म्हणजे वस्तीतल्या कलावंतांच्या मालकीची संस्था. तिचं मंडळ कलावंतांमधून निवडलेलं असतं. व्यवस्थापक पगारी नोकर असतो. केंद्र कॅनव्हास-रंग पुरवतं, चित्राची नोंद करतं, कथा लिहून घेतं, विकतं आणि कलावंताला पैसे देतं. युएंडुमूचं वार्लुकुरलंगू (स्थापना 1985), हास्ट्स ब्लफचं इकुंत्जी, बाल्गोचं वार्लायर्ती, फिट्झरॉय क्रॉसिंगचं मंगकाजा, उलुरूजवळचं मरुकू अशी अनेक केंद्रं दूरवर पसरलेली आहेत. एर्नाबेला 1948 पासून चालू आहे. शोध सुरू करायचा तो केंद्रांच्या महासंघांच्या याद्यांवरून: मध्य ऑस्ट्रेलियासाठी ‘डेझार्ट’, आर्नहेम-उत्तर-किंबर्लीसाठी ‘अंका’, दक्षिण ऑस्ट्रेलियासाठी ‘कू आर्ट्स’. यादीत नाव असलेलं केंद्र शोधा, मग त्याच्याच संकेतस्थळावरून किंवा ईमेलने चित्र मागवा. बहुतेक केंद्रं परदेशात नळीत घालून चित्र पाठवतात.

प्रत्यक्ष जायचं असेल तर आधी फोन करा. युएंडुमू ॲलिस स्प्रिंग्जपासून सुमारे 290 किलोमीटरवर आहे. तिथवर जाऊन दार बंद दिसलं तर दिवस फुकट जातो. वस्तीत मृत्यू झाला की शोककाळात केंद्र बंद ठेवतात आणि त्याची पूर्वसूचना मिळतेच असं नाही. शनिवार-रविवार आणि डिसेंबर-जानेवारीतही बरीच केंद्रं बंद असतात. काही ठिकाणी जमिनीवर पाऊल ठेवण्यासाठी लँड कौन्सिलचा (ॲबोरिजिनल जमिनींचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचा) परवाना लागतो, तोही केंद्रालाच विचारावा. रंगवत बसलेल्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत.

एवढा प्रवास जमणार नसेल तर मेळे गाठा. डार्विनला ऑगस्टमध्ये भरणारा ॲबोरिजिनल आर्ट फेअर सर्वांत मोठा. विक्रीवर मेळा दलाली घेत नाही, सगळे पैसे केंद्राकडे जातात. ॲलिस स्प्रिंग्जचा ‘डेझर्ट मॉब’ सप्टेंबरच्या सुमारास असतो, केर्न्सचा मेळा जुलैच्या सुमारास आणि ॲडलेडला ‘तार्नान्ती’. मेलबर्नच्या मराठी मंडळींना फेडरेशन स्क्वेअरमधलं कूरी हेरिटेज ट्रस्ट जवळ पडेल. सिडनीत ‘बूमली’ ही 1987 मध्ये सुरू झालेली ॲबोरिजिनल कलावंतांचीच सहकारी संस्था आहे.

खासगी गॅलरीही चांगल्या असतात. तिथे पाहायचं ते ‘इंडिजिनस आर्ट कोड’चं सदस्यत्व. कलावंतांशी न्याय्य व्यवहार करण्याची ही आचारसंहिता आहे. ती ऐच्छिक असल्यामुळे सदस्यत्वाने सगळं सिद्ध होत नाही; पण सदस्याविरुद्ध तक्रार करायला जागा असते. दारावर चिकटवलेल्या खुणेवर विसंबू नका, कोडच्या संकेतस्थळावरच्या यादीत नाव शोधा.

पैसे कोणाला, किती, कधी?

हा प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटतो. ऑस्ट्रेलियात तो उघड विचारला जातो आणि प्रामाणिक विक्रेता तितक्याच उघडपणे उत्तर देतो. साधारण हिशोब असा: आर्ट सेंटरमधून थेट घेतलं तर विक्री किमतीच्या निम्मी ते 60 टक्के रक्कम कलावंताला जाते, उरलेल्यातून कॅनव्हास, रंग, पगार, वाहतूक भागते. शहरातल्या गॅलरीने केंद्राकडून चित्र घेऊन विकलं, तर गॅलरीचा वाटा बहुधा 40 टक्क्यांच्या आसपास असतो आणि बाकीचे केंद्र व कलावंतात वाटले जातात. म्हणजे 1,000 डॉलरच्या (इथले सगळे डॉलर ऑस्ट्रेलियन) चित्रातले 500 ते 600 पहिल्या मार्गाने रंगवणाऱ्याकडे पोहोचतात, दुसऱ्या मार्गाने सुमारे 300.

विचारायचे प्रश्न एवढेच: हे चित्र तुमच्याकडे कोणत्या केंद्राकडून आलं? तुम्ही विकत घेतलं आहे की विक्रीसाठी ठेवून घेतलं आहे? कलावंताला पैसे रंगवून झाल्यावर मिळाले की विकल्यावर मिळणार? केंद्राकडून आलेलं नसेल तर ते कुठे आणि कोणाच्या जागेत रंगवलं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर काळजीपूर्वक ऐका. ॲलिस स्प्रिंग्जमध्ये काही व्यापारी म्हाताऱ्या, नावाजलेल्या कलावंतांना खोलीत किंवा शेडमध्ये बसवून रंगवून घेतात आणि मोबदला म्हणून रोख थोडी रक्कम, जुनी गाडी किंवा नातेवाइकाचं फेडलेलं कर्ज दाखवतात. तिथे त्यांना ‘कार्पेटबॅगर’ म्हणतात. 2007 च्या ऑस्ट्रेलियन सिनेटच्या चौकशी अहवालातही अशा शोषणाची नोंद झाली. अशी चित्रं अस्सल असतात, सोबत कलावंताचा चित्र हातात धरलेला फोटोही असतो. चित्र त्या माणसाने हातात धरलं एवढंच फोटोवरून कळतं. त्याला किती मिळाले ते कळत नाही.

सगळेच स्वतंत्र कलावंत शोषित नसतात. अनेक जण स्वतःच्या मर्जीने केंद्राबाहेर, कुटुंबाच्या गॅलरीतून किंवा स्वतःच्या ऑनलाइन खात्यावरून विकतात आणि चांगले पैसे कमावतात. फरक कळतो तो उत्तरांच्या सरळपणावरून. ‘हे आमचं व्यापारी गुपित’ असं उत्तर मिळालं तर आम्ही ते चित्र घेणार नाही, मग ते कितीही सुंदर असो.

प्रमाणपत्र ओळीओळीने वाचा

केंद्राच्या प्रमाणपत्रावर कलावंताचं नाव, भाषा किंवा समाज, वस्ती, चित्राचं शीर्षक, कथा, माध्यम, सेंटिमीटरमध्ये माप, वर्ष आणि नोंद क्रमांक असतो. यातला नोंद क्रमांक हा कणा. समजा कागदावर 412-23 असं आहे: 2023 मधली 412 वी नोंद. आता कॅनव्हास उलटा करा. पाठीमागे, बहुधा एका कोपऱ्याजवळ, हाच क्रमांक मार्करने हाताने लिहिलेला असायला हवा, जोडीला कलावंताचं नाव आणि केंद्राचं नाव किंवा शिक्का. प्रत्येक केंद्राची क्रमांक लिहिण्याची पद्धत वेगळी. काहींत कलावंताची आद्याक्षरं, वर्ष आणि महिना असतो. दुय्यम बाजारातून, म्हणजे आधीच्या मालकाकडून किंवा लिलावात, घेत असाल तर क्रमांकाचा फोटो मूळ केंद्राला ईमेल करा आणि त्यांच्या नोंदीत हे चित्र, हे माप, हा कलावंत आहे का ते विचारा. उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागले तरी थांबा. मोठी लिलावघरंही केंद्राचा उगम असलेल्या चित्रांनाच पसंती देतात, तेव्हा ही खातरजमा उद्या विकतानाही कामाला येते.

पुढे माप. टेप लावा. रंगवलेला भाग 107 × 61 लिहिला असेल आणि प्रत्यक्षात 98 × 55 भरत असेल, तर कडा कोणीतरी कापल्या आहेत किंवा कागद दुसऱ्याच चित्राचा आहे.

नावांबद्दल थोडं. जापाल्तजारी, नापाल्तजारी, जुंगुराई, नाम्पितजिंपा ही आडनावं नाहीत. ती नात्यांच्या गटांची नावं आहेत आणि एकाच नावाची शेकडो माणसं असतात. पिंटुपी भाषकांत पुरुषांची नावं ‘त्ज’ने, वार्लपिरींत ‘ज’ने आणि दोन्हींकडे बायकांची ‘न’ने सुरू होतात. भाऊ जापाल्तजारी, तर बहीण नापाल्तजारी. कागदावर पुरुष कलावंताच्या पुढे ‘न’वालं नाव आलं, तर चौकशी करायला हवी. इंग्रजी वर्णलेखन थोडं इकडेतिकडे असणं मात्र नेहमीचंच. त्यावरून नकली ठरवू नका. सही नसणंही शंकास्पद नाही. वाळवंटातले बहुतेक कलावंत चित्राच्या पुढच्या बाजूला सही करतच नाहीत.

खासगी विक्रेत्याने स्वतःच छापलेलं, सोनेरी शिक्क्याचं ‘सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी’ कायद्याने कशाचाच पुरावा नाही. त्यावर केंद्राचा क्रमांक आहे का आणि तो मागच्या बाजूशी जुळतो का, एवढंच पाहायचं.

नकली माल कसा ओळखावा

ऑस्ट्रेलियाच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनच्या 2022 च्या अहवालानुसार ॲबोरिजिनल शैलीच्या भेटवस्तूंवर होणाऱ्या खर्चातला निम्म्याहून बराच जास्त पैसा नकली मालावर जातो. 2019 मध्ये फेडरल कोर्टाने बिरुबी आर्ट या कंपनीला 23 लाख डॉलरचा दंड ठोठावला. इंडोनेशियात बनवलेली बूमरँग आणि डिजरिडू (लांब, पोकळ लाकडी वाद्यं) ऑस्ट्रेलियन ॲबोरिजिनल लोकांनी रंगवल्यासारखी विकली, हा गुन्हा. वारलीच्या नावाने कारखान्यात छापलेल्या चादरी पाहिलेल्या मराठी वाचकाला हा धंदा नव्याने समजावून सांगायला नको.

लेबलवरचे शब्द तपासा. ‘ॲबोरिजिनल स्टाइल’, ‘इन्स्पायर्ड’, ‘ट्रायबल’, ‘डिझाइन्ड इन ऑस्ट्रेलिया’ यांपैकी एकाही शब्दाचा अर्थ ॲबोरिजिनल माणसाने बनवलं असा होत नाही. कलावंताचं पूर्ण नाव आणि वस्ती नसेल तर वस्तू परत ठेवा.

चित्र आहे की छपाई, हे पाहायला मोबाइलचा टॉर्च कॅनव्हासच्या कडेला जवळजवळ सपाट धरा. हाताने दिलेल्या ठिपक्याला उंचवटा असतो, कडेला रंगाचं टोक ओढलेलं दिसतं, एकाच ओळीत काही ठिपके भरलेले तर काही सुकत आलेल्या काडीचे फिके. छपाईत उजेड सपाट घसरतो. पण छपाईवर पारदर्शक जेलचे थेंब टाकून उंचवटा आणणारेही आहेत. म्हणून भिंगातून रंग पाहा. छपाईत रंगाच्या आत बारीक शाईचे कण दिसतात, चित्रात एकसंध रंग. प्रिंट विकत घेण्यात गैर काही नाही. ती परवान्याने काढलेली असावी आणि प्रिंट म्हणूनच विकलेली असावी.

किंमत

पहिल्या खरेदीसाठी 30 × 30 सेंटिमीटरचे छोटे कॅनव्हास उत्तम. वार्लुकुरलंगूसारख्या केंद्राकडे ते शंभर-दोनशे ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास मिळू शकतात, आणि ते लहान असले तरी पूर्ण नोंद, कथा आणि क्रमांकासह येतात. माप वाढलं की किंमत वाढते, पण त्याहून जास्त ती कलावंताच्या कारकिर्दीवर ठरते. क्लिफर्ड पॉसम जापाल्तजारी यांचं 1977 मधलं ‘वार्लुगुलाँग’ 2007 मध्ये 24 लाख डॉलरला गेलं. एमिली कामे न्गवारेय यांच्या ‘अर्थ्स क्रिएशन’ने 2017 मध्ये 21 लाख गाठले. अशा नावाचं चित्र कोणी ऑनलाइन दोन हजारांत देऊ करत असेल तर ते चित्र नाही, सापळा आहे.

घासाघीस करू नका. केंद्राची किंमत कलावंताच्या वाट्याशी बांधलेली असते. तुम्ही कमी केलेला प्रत्येक डॉलर तिथून जातो. आणि गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर शेअर बाजार बरा. चित्र रोज बघायला आवडणार असेल तरच घ्या.

विकत घेतल्यावर काय तुमचं होतं आणि काय नाही

कॅनव्हास तुमचा होतो, कॉपीराइट नाही. तो कलावंताकडे आणि मृत्यूनंतर 70 वर्षं वारसांकडे राहतो. घरात चित्र लावा, पाहुण्यांना दाखवा. पण त्याची नक्षी साडीवर, लग्नपत्रिकेवर किंवा दुकानाच्या फलकावर छापायची असेल तर परवाना लागतो. तो कलावंताच्या केंद्रामार्फत किंवा ऑस्ट्रेलियाच्या ‘कॉपीराइट एजन्सी’कडून मागता येतो. 1994 मध्ये व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांवर ॲबोरिजिनल कलावंतांची चित्रं विनापरवाना उतरवल्याबद्दल फेडरल कोर्टाने 1,88,640 डॉलरची भरपाई द्यायला लावली होती. नमतजिरा यांच्या चित्रांचा कॉपीराइट 1983 मध्ये सरकारी विश्वस्ताने 8,500 डॉलरला विकून टाकला आणि कुटुंबाला तो परत मिळायला 2017 उजाडलं. हा हक्क कुटुंबांच्या दृष्टीने किती जिवाभावाचा आहे, ते यावरून कळावं.

ऑस्ट्रेलियात पुढे कधी व्यावसायिक विक्रेत्यामार्फत चित्र विकलंत आणि किंमत 1,000 डॉलर किंवा जास्त आली, तर 5 टक्के रॉयल्टी कलावंताला किंवा वारसांना द्यावी लागते. हा कायदा जून 2010 पासून लागू आहे.

ऑस्ट्रेलियातून भारतात आणताना

एकाच विक्रेत्याकडून 300 डॉलर किंवा जास्त खरेदी केली, ती निघण्याआधीच्या 60 दिवसांतली असेल आणि माल तुमच्याबरोबर नेत असाल, तर विमानतळावर जीएसटी परत मिळतो. कर 10 टक्के, पण तो किमतीत धरलेला असल्याने परतावा किमतीच्या एक-अकरांश: 1,100 वर 100 डॉलर. बिलावर विक्रेत्याचा व्यवसाय क्रमांक आणि कराची रक्कम हवी. बिल 1,000 डॉलर किंवा वर असेल तर तुमचं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. बिलात कर आकारलेलाच नसेल तर परतावाही नाही, म्हणून घेतानाच विचारा. नळी हातात ठेवा, उड्डाणाच्या किमान दीड तास आधी काउंटरला पोहोचा. केंद्राने थेट भारतात पाठवलं तर ते निर्यात म्हणून बहुधा करमुक्त विकता येतं.

ठरावीक वयाहून जुनं आणि ठरावीक रकमेहून जास्त मोलाचं ॲबोरिजिनल चित्र ऑस्ट्रेलियाबाहेर न्यायला 1986 च्या सांस्कृतिक वारसा कायद्याखाली परवाना लागतो. पवित्र विधींच्या वस्तू, अंत्यविधीचे कोरीव ओंडके, गुहाचित्रांचे तुकडे यांना परवानाच मिळत नाही; कोणी दाखवले तर हातही लावू नका.

कुरिअरच्या कागदावर ‘हाताने रंगवलेलं मूळ चित्र, कॅनव्हासवर ॲक्रिलिक, चौकटीशिवाय’ असं स्पष्ट लिहायला सांगा. भारतीय कस्टममध्ये पूर्णपणे हाताने केलेली चित्रं 9701 या शीर्षकाखाली येतात. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून माल निघण्याआधी एजंटला विचारा. किंमत कमी दाखवू नका: नळी हरवली तर विमा तेवढाच मिळतो. सालीवरच्या चित्रासाठी वनस्पतीजन्य मालाचे क्वारंटाइन नियम आधीच विचारून घ्यावेत.

गुंडाळणं, उलगडणं, ताणणं

सगळ्यात जास्त चित्रं याच टप्प्यावर खराब होतात. ॲक्रिलिक रंग वाळला तरी आतून मऊ असतो. उष्णतेत चिकट होतो, थंडीत ठिसूळ. मे महिन्यात मुंबईच्या गोदामात पडलेल्या नळीत ठिपके समोरच्या कागदाला चिकटतात. कडाक्याच्या थंडीत गुंडाळलं तर रंगाला तडे जातात.

चित्र गुंडाळताना रंगवलेली बाजू बाहेर ठेवा. हे उलटं वाटतं, पण रंग आत ठेवला की तो दाबला जाऊन सुरकुततो आणि ठिपके एकमेकांवर घासतात. आतली नळी किमान 10 सेंटिमीटर व्यासाची, जाड थराच्या चित्रासाठी 15 ते 20. रंगावर सिलिकॉनचा लेप असलेला कागद. चांगला बेकिंग पेपर चालतो, मेणाचा बटर पेपर नाही. त्यावर आम्लमुक्त टिश्यू, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. बबल रॅप थेट रंगाला लागला तर गोल गोल ठसे उमटतात आणि ते जात नाहीत. हे सगळं त्याहून मोठ्या पीव्हीसी पाइपात घालून दोन्ही तोंडं बंद करा.

नळी घरी आली की लगेच फोडू नका. खोलीत 24 तास तशीच ठेवा, म्हणजे आतलं तापमान खोलीएवढं होईल. मग स्वच्छ चादर अंथरलेल्या टेबलावर सावकाश उलगडा. कागद कुठे चिकटला असेल तर ओढू नका. खोली थंड करा, कागद जवळजवळ सपाट मागे दुमडत सोडवा. तरी सुटला नाही तर तिथेच थांबा आणि जाणकाराला बोलवा. चित्र महिनोन्महिने नळीत ठेवू नये.

ताणण्याचं काम फ्रेमवाल्याकडे देताना या गोष्टी लिहून द्या:

1. चारी बाजूंचा कोरा कॅनव्हास अजिबात कापायचा नाही. ताणायला 5 सेंटिमीटर तरी लागतो. उरलेला मागे दुमडून स्टेपल करायचा.
2. स्ट्रेचरची (कॅनव्हास ज्यावर ताणतात त्या लाकडी चौकटीची) पट्टी 35 ते 40 मिलिमीटर जाड, वाळलेल्या आणि वाळवी-भुंग्यावर प्रक्रिया केलेल्या लाकडाची. पुढची आतली कड उतरती तासलेली, नाहीतर काही वर्षांत कॅनव्हासवर पट्टीची रेघ उठते.
3. एक मीटरहून मोठ्या बाजूला मध्ये आडवी पट्टी.
4. कोपऱ्यांत पाचरी असलेला स्ट्रेचर, म्हणजे पावसाळ्यानंतर सैल पडलेला कॅनव्हास पुन्हा ताणता येईल.
5. स्टेपल स्टेनलेस स्टीलचे. कोकणात आणि मुंबईत साधे स्टेपल गंजतात आणि गंज कॅनव्हासमध्ये उतरतो.
6. पाठीमागचा क्रमांक झाकायचा नाही. पट्टीखाली जात असेल तर आधी फोटो काढायचा.
7. चित्राला बोर्डावर फेव्हिकॉलने चिकटवायचं नाही. वार्निश मारायचं नाही.

शेवटची अट आम्ही नेहमी दोनदा सांगतो. ‘चमक येईल’ म्हणून वार्निश मारून देणारे फ्रेमवाले आहेत. तो थर धूळ धरतो, पिवळा पडू शकतो आणि काढायला गेलं तर रंगासकट येतो.

वाळवंटी ॲक्रिलिक चित्राला काच नको. चौकट हवीच असेल तर फ्लोट फ्रेम घ्या: चित्र आणि चौकटीत 5 ते 10 मिलिमीटर फट राहते आणि कडेचे ठिपके झाकले जात नाहीत. कोणती बाजू वर, याची चिंता नको. बरीचशी वाळवंटी चित्रं जमिनीवर ठेवून चारी बाजूंनी रंगवलेली असतात. भूमी वरून पाहावी तशी ती आहेत. प्रमाणपत्रावरच्या छायाचित्राची दिशा पाळली तर पुरे.

भिंत, दमट हवा, धूळ

आदर्श आर्द्रता 45 ते 55 टक्के. जुलैत मुंबईत ती 80 च्या वर असते, त्यामुळे आदर्शाच्या मागे न लागता चढउतार कमी ठेवणं जास्त महत्त्वाचं. न्हाणीघराला लागून असलेली किंवा पावसाचा मारा झेलणारी बाहेरची भिंत टाळा. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून एक-दोन सेंटिमीटर जाडीचे बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते आणि बुरशी धरत नाही. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मागची बाजू टॉर्चने पाहा. करडे-पांढरे ठिपके दिसले तर चित्र कोरड्या, हवेशीर खोलीत वेगळं ठेवा. बुरशी पूर्ण वाळल्यावरच मऊ ब्रशने मागच्या बाजूने झटका, तोंडाला मास्क लावून. डांबराच्या गोळ्या चित्रामागे ठेवू नका.

थेट ऊन नको, चित्राच्या डोक्यावर हॅलोजन नको. जागा निवडताना स्वयंपाकघर आणि देवघर दोन्हींपासून लांब जा: फोडणीचा तेलकट धूर आणि उदबत्तीची काजळी मऊ ॲक्रिलिकमध्ये रुतून बसते आणि मग निघत नाही.

धूळ झटकायला दोन इंची, मऊ, बकरीच्या केसांचा ब्रश. वरून खाली हलक्या हाताने. व्हॅक्यूमची नळी जाळीदार कापड बांधून काही इंचांवर धरली तर उडालेली धूळ तिथेच ओढली जाते. वर्षातून दोन-तीनदा पुरे. फडकं कधीच नाही, कोरडंसुद्धा नाही, कारण त्याचा धागा उंच ठिपक्यात अडकून ठिपका उपटतो. ओलं कापड, कोलिन, साबण यांनी ॲक्रिलिकमधले घटक विरघळून पृष्ठभाग मळकट होतो. दिवाळीच्या साफसफाईला बाहेरची माणसं येणार असतील तर चित्र आधीच उतरवून ठेवा.

माती, साल आणि जलरंग

मातीच्या रंगांचा कॅनव्हास भुकटीसारखा असतो. बोट लावलं तरी रंग येतो. त्याला काच लावायची तर खरी काच, चित्रापासून किमान 10 मिलिमीटर दूर. ॲक्रिलिकची पारदर्शक शीट लावू नका, तिच्यातली स्थिर वीज रंगाचे कण ओढून घेते. ब्रशही नको, वरून संरक्षण असेल तर धूळ बसणारच नाही.

सालीचं चित्र पावसाळ्यात काढलेली साल शेकोटीवर शेकून, वजनाखाली सपाट करून केलेलं असतं. साल मात्र आयुष्यभर थोडी वळत राहते, हवेबरोबर हलते. तिला जबरदस्तीने सपाट केलं तर ती फाटते किंवा रंगाचे पापुद्रे सुटतात. खिळे, स्क्रू, गोंद यांपैकी काहीही नाही. सालीच्या वळणाप्रमाणे घडवलेले धातूचे आकडे पाठीमागून आधार देतील अशी व्यवस्था करून घ्या, आकड्यांवर मऊ फेल्ट. रात्री एसी, दिवसा बंद, अशी खोली सालीला सर्वांत घातक. एसीचा झोत तर अजिबात अंगावर नको. खाली बारीक भुसा पडलेला दिसला तर किडा आहे: चित्र पॉलिथिनमध्ये गुंडाळून इतर लाकडी वस्तूंपासून दूर ठेवा आणि संवर्धकाला गाठा, फवारा मारू नका.

हर्मन्सबर्गच्या जलरंगांना प्रकाश सर्वांत जास्त खातो. मंद, सुमारे 50 लक्सचा उजेड, अतिनील किरण अडवणारी काच, सुती आम्लमुक्त माउंट, आणि सहा महिने भिंतीवर तर सहा महिने कपाटात अशी पाळी. आपल्याकडे कागदाला कसर लागते, त्यामुळे चौकटीची पाठ टेपने नीट बंद करून घ्या.

ठिपका निखळला तर

निखळलेला तुकडा चिमट्याने उचलून छोट्या डबीत ठेवा, डबीवर चित्राचा क्रमांक आणि तारीख लिहा, जागेचा जवळून फोटो काढा. घरी चिकटवू नका आणि जुळता रंग आणून भरू तर मुळीच नका. चित्रकला संवर्धनाचं प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती शोधा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येईल. दुरुस्तीला देण्याआधी मूळ आर्ट सेंटरला कळवणं चांगलं, कारण कोणत्या केंद्रात कोणता रंग आणि कोणता लेप वापरतात हे त्यांनाच नक्की माहीत असतं.

प्रमाणपत्र, बिल, कस्टमची पावती, केंद्राशी झालेला ईमेल, पुढच्या-मागच्या बाजूचे फोटो हे सगळं एका आम्लमुक्त फोल्डरमध्ये चित्रापासून वेगळं ठेवा आणि स्कॅन करून घरातल्या आणखी एकाकडे द्या. मूळ प्रमाणपत्र चित्रामागे चिकटवायचं नाही; गोंदाने कॅनव्हासही खराब होतो आणि चौकट बदलताना कागदही फाटतो. कलावंताचं निधन झाल्याचं कळलं तर फोल्डरवर तारखेसह नोंद करा. त्यांचं नाव किंवा फोटो सोशल मीडियावर टाकण्याआधी केंद्राला विचारा. अनेक समाजांत मृत व्यक्तीचं नाव काही काळ उच्चारत नाहीत, आणि ते पुन्हा कधी घ्यायचं हे कुटुंब ठरवतं.